खिरापतीची हूल

शनिवारी भल्या पहाटे दाक्षायणीनं स्वयंपाकघराचं दार आतून लावलं, खिडकीवर अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, धोतर टांगलं, खलबत्त्याखाली गोधडीची चौघडी घातली आणि ती कडक भाकऱ्या कुटायला बसली. चोरसुद्धा एवढी काळजी घेत नसेल. पण चोराला फक्त पोलिसांची भीती असते. दाक्षायणीला गिरिजाची होती.

गिरिजा म्हणजे नववी 'ब'मधली, शाळेच्या खो-खो संघाची कॅप्टन. देवानं तिला पाय घोड्याचे दिले होते आणि नाक मांजराचं. हादग्याच्या दिवसांत रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी मुली जमत, पाटावर काढलेल्या हत्तीभोवती फेर धरून गाणी म्हणत, आणि गाणी संपली की खरा खेळ सुरू होई. त्या घरानं झाकून ठेवलेला खाऊ, म्हणजे खिरापत, ओळखायची. यंदा एकाही घरी गिरिजा चुकली नव्हती. उंबऱ्यात चपला काढता काढताच ती नाक वर करून सांगायची, "खोबऱ्याची वडी. साखर जरा जास्तच शिजलीय." मग यजमानीण मुलगी हिरमुसायची, आणि तिची आई त्याहून जास्त.

आज हादगा दाक्षायणीच्या घरी होता. जूनमध्ये अक्कलकोटहून सोलापूरला आल्यापासून पहिल्यांदाच वर्गातल्या सगळ्या मुली बाळीवेशीजवळच्या त्यांच्या घरी येणार होत्या. पण नुसता हादगा असता तर तिनं सरळ फुटाणे वाटले असते. प्रश्न अकलूजचा होता. जिल्ह्याचे सामने अकलूजला व्हायचे होते, संघात एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यासाठी दोघी टपून बसल्या होत्या. एक दाक्षायणी, दुसरी पलीकडच्या गल्लीतल्या विणकरांच्या घरातली नागमणी.

"पळतीस तू लई जोरात," गिरिजा शुक्रवारी मैदानावर म्हणाली होती, "पण तुला हूल देता येत नाही. डावीकडं बघतीस आणि डावीकडंच जातीस. असली प्रामाणिक पोरगी घेऊन मी अकलूजला काय करू?"

"देते की हूल," दाक्षायणी म्हणाली. "एकदा बघ तरी."

"बघते की. उद्या तुझ्याकडंच हादगा हाय. तीन अंदाज घेईन. तीनात खिरापत ओळखली नाही, तर अकलूजला तू. ओळखली, तर नागमणी. आणि झाकणाखाली खिरापत पाहिजे हां. रिकामं भांडं दाखवून 'हवा' म्हणायचं नाही."

नागमणी शेजारीच उभी होती. तिनं पायातल्या बुटाची नाडी अशी ऐटीत घट्ट केली, की जणू गाडी फलाटाला लागलीच आहे.

म्हणून ही कडक भाकरी. दाक्षायणीनं रात्रभर विचार करून काढलेली युक्ती होती ती. पोरी ओळखायला बसल्या की सणासुदीच्या पदार्थांत शोधणार. करंजी म्हणतील, अनारसा म्हणतील. घराघरात टोपलीत पडलेली ज्वारीची कडक भाकरी कुणाच्या स्वप्नात येणार? ती कुटायची, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट घालायचं, नावाला तूप सोडायचं आणि लाडू वळायचे. वेलदोडा तिनं मुद्दाम टाकला नाही. वेलदोडा भारी चुगलखोर. तीन घरं पलीकडं जाऊन सांगून येतो.

अव्वा, म्हणजे तिची आई सावित्रम्मा, मावशीच्या बाळंतपणासाठी अक्कलकोटला गेली होती. त्यामुळं लाडवांना बोट लावणारं कुणी नव्हतं आणि शिकवणारंही. पहिले दोन फुटले, ते दाक्षायणीनं पुरावा नष्ट करावा तसे गिळून टाकले. बाकीचे झकास जमले.

आता ते लपवायचे कुठं? गिरिजा घरात आली की सगळ्या डब्यांची झाकणं उघडून बघते, हे सगळ्यांना माहीत होतं. पण परक्याचा डबा ती उघडणार नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या मुक्ताकाकूंकडून पीठ आलेला मोठा पितळी डबा घरातच होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत 'सौ. मुक्ताबाई बाळासो यांस' असं कोरलेलं. दाक्षायणीनं लाडू त्यात भरले आणि डबा दाराजवळच्या कोनाड्यात ठेवून दिला. अगदी उघड्यावर, परत द्यायला काढून ठेवल्यासारखा. लपवलेली वस्तू लोक शोधतात, समोर ठेवलेली कोण शोधतंय?

शिवाय हूल म्हणून तिनं दोन गोष्टी आधीच करून ठेवल्या होत्या. देवळातून नारळाच्या करवंट्या मागून आणून दारात पसरल्या होत्या, आणि आदल्या दिवशी भर गल्लीत उभं राहून शेजारच्या सुंदरम्मा मावशींना हाक मारली होती, "मावशी, चकलीचा सोऱ्या देता का?" तो आवाज पलीकडच्या गल्लीतल्या मागाच्या खटखटीवरून नागमणीच्या कानापर्यंत गेला होता. सोऱ्या मिळाला नाही, मावशी "बघते" म्हणाल्या, पण सोऱ्या कुणाला हवा होता.

एवढी चोख तयारी करून दाक्षायणी शाळेला गेली. सकाळची शाळा झाली, शाळेनंतर मैदानावर सराव झाला. परत येताना तिच्यामागं थोड्या अंतरावर नागमणी चालत होती आणि आपण कुणाच्याही मागं चालत नाही, असं दाखवत होती.

दाक्षायणीनं घराचं कुलूप काढलं. कोनाडा रिकामा होता.

आधी तिला वाटलं, गिरिजानं डाव साधला. पण गिरिजा तर आत्तापर्यंत मैदानावर सगळ्यांना पळवत होती. दाराला कुलूप होतं आणि कुलपाची दुसरी किल्ली एकाच माणसाकडं होती. दाक्षायणी दप्तर टाकून तडक नव्या पेठेत पळाली. आपल्या नेहमीच्या पद्धतीनं, सरळ.

अप्पांच्या कापडाच्या दुकानात लग्नाचा बस्ता चालला होता. शिवशरणअप्पा गादीवर बसून एका जाड बाईंना इरकलीचे पदर उलगडून दाखवत होते. दाक्षायणी गर्दीतून वाट काढत पुढं गेली. नागमणीही आत शिरली आणि एका ब्लाउजपीसचा पोत बोटांनी तपासू लागली.

"अप्पा, दाराजवळचा डबा कुठाय?"

"पोचता केला," अप्पा अभिमानानं म्हणाले. "दुपारी जेवायला आलो होतो, तवा दिसला. घेतला आणि मुक्तावैनींना नेऊन दिला."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुझ्या अव्वानं. जाताना दहादा सांगून गेली. शेजाऱ्यांची भांडी घरात साठवू नका, आणि रिकामी परत देऊ नका. मी झाकण काढून बघितलं तर तू भरूनच ठेवलेला. म्हटलं, पोरगी आईच्या वळणावर गेली." अप्पांनी बाईंकडं वळून कौतुक पुढं चालू ठेवलं, "आता नववीला हाय, पण घर कसं संभाळती बघा की."

"बरं वळण हाय," बाई म्हणाल्या. "ह्याच्यात हिरवा दाखवा."

"तुम्ही चव तरी बघितली का अप्पा?" दाक्षायणीनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"दुसऱ्याच्या डब्यातलं कसं खायचं गं? आणि एवढं काठोकाठ कशाला भरायचं? जरा हात आखडता घ्यावा. असू दे, शेजार हाय."

दाक्षायणी मागं वळली, तर नागमणी अगदी खांद्याशी. "कसला डबा गं?"

"मुक्ताकाकूंचा."

"काय होतं त्यात?"

"पीठ."

"पिठाची चव कोण बघतं?"

दाक्षायणी पळाली.

आता अडचण अशी होती, की लाडू परत मागायचे तर लाडवांचं नाव घ्यावं लागणार, आणि नाव घ्यावं तर नागमणी ऐकणार. भांडं हरवलं असतं तर गल्लीभर बोंब मारता आली असती. ही कशाची बोंब आहे तेच सांगता येत नव्हतं.

मुक्ताकाकू अंगणात राजगिरा पाखडत होत्या. डबा घासून पुसून उन्हात पालथा घातला होता. नागमणी मागोमाग येऊन फाटकाशी थांबली.

"काकू, अप्पांनी डबा दिला ना?"

"दिला की. लई गुणाची गं तू. आई न्हाय घरात तरी ध्यानात ठिवलंस." मुक्ताकाकूंनी सूप खाली ठेवलं. "पर माझं नवरात बसलंय न्हवं? नऊ दिवस धान्य तोंडात घालायचं न्हाय. म्या आपला एक फोडून बघितला. म्हटलं, आगं बया, ह्ये तर भाकरीच्या—"

दाक्षायणीला जोरदार खोकला आला. इतका, की झाडावरच्या चिमण्या उडाल्या.

"काय झालं गं? ठसका लागला व्हय? म्हंजे मी काय म्हणत हुते, कुटलेल्या भाक—"

ह्या वेळचा खोकला आणखी मोठा होता. तो दाक्षायणीनं कंबरेत वाकून काढला. मुक्ताकाकू घाबरून आत गेल्या आणि ज्येष्ठमधाचं बोटभर लांब मूळ घेऊन आल्या. ते त्यांनी तिच्या तोंडात स्वतःच्या हातानं कोंबलं.

"चघळ. आन् बोलू नगंस."

"काफू," दाक्षायणी मूळ गालात सारत म्हणाली, "मग ते आता कुथंय?"

"सुंदरम्माला दिलं की. तिचं पातेलं माझ्याकडं पडलं हुतं, महिना झाला. रिकामं कसं धाडायचं? देवानंच धाडलं बघ, म्हटलं, आन् त्याच्यात घातलं."

"काय घातलं, काकू?" नागमणीनं गोड आवाजात विचारलं.

"तू कुणाची गं?" काकूंनी तिच्याकडं पाहिलं, आणि त्या तिच्या घराण्याची चौकशी करू लागल्या. मुक्ताकाकूंची चौकशी आजोबांच्या अलीकडं थांबत नसे. तेवढ्यात दाक्षायणी सुंदरम्मा मावशींच्या दारात पोचली. पण नागमणीचं घराणं अपेक्षेपेक्षा लहान निघालं असावं. मावशींनी दार उघडलं तेव्हा ती पुन्हा मागं हजर होती.

सुंदरम्मा मावशींच्या घरात तेलाचा वास भरला होता. मावशींचे हात कोपरापर्यंत पिठानं माखले होते.

"बरं झालं आलीस. तुझ्याच चकल्या करूलालेय."

"माझ्या?"

"मग? काल तू सोऱ्या मागितलास, तवाच ठरवलं. आई घरात नाही, पोरीच्या हातात उकळतं तेल कोण देईल? मीच करते म्हटलं. तुला काही सांगितलं नाही, म्हटलं एकदम घेऊनच जाऊ." मावशींची नजर मागं गेली. "ही कोण? मैत्रीण होय? ये की गं आत. हात मोकळे दिसतेत. सोऱ्या फिरवता येतो का?"

नागमणीचा चेहरा असा उजळला, की कुणाला वाटावं तिला बक्षीस लागलं. एवढा धडधडीत पुरावा कुठल्या हेराला मिळाला असेल? ती परकर खोचून आत गेली आणि सोऱ्यावर अशी बसली, की आता अकलूजची गाडी येईपर्यंत उठणारच नाही. आत तेल चर्र चर्र बोलू लागलं.

दाक्षायणीनं ज्येष्ठमध थुंकला आणि मावशींना पदराला धरून ओट्याच्या कोपऱ्यात नेलं.

"मावशी, मुक्ताकाकूंनी पातेलं दिलं ना? त्यातलं कुठंय?"

"छान होतं गं. पण आमच्या घरात गोड ठेवायची सोय हाय का? आमच्या ह्यांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी सांगितलं, गुळाकडं बघायचं पण नाही. आणि घरात गोड असलं की त्यांना झोप येत नाही. पार्वतम्माची परात आली होती माझ्याकडं, गौरीच्या टायमाला. तिच्यात घातलं आणि पाठवून दिलं."

"कुठं?"

"पार्वतम्माकडं की. गिरिजाच्या घरी."

दाक्षायणीला पुढचं काही ऐकू आलं नाही. दुपारी कोनाड्यातून निघालेले लाडू एक उपास आणि एक आजार चुकवून, रिकामं भांडं परत देऊ नये ह्या थोर रिवाजावर बसून, गल्लीच्या टोकाला नेमके कॅप्टनच्या घरी जाऊन उतरले होते.

ती गल्लीच्या टोकाला गेली. ह्या वेळी पळाली नाही. कोर्टात निकाल ऐकायला जाणारा माणूस पळत नसतो.

पार्वतम्मा मावशी दारातच बसून झेंडूचा हार ओवत होत्या. "ये यव्वा, दाक्षायणी. अव्वा आली का अक्कलकोटहून?"

"नाही. मावशी, ते सुंदरम्मा मावशींकडून परातीत काहीतरी आलं होतं..."

"होतं गं. गिरिजा खेळून आली ती भुकेली वाघीण होऊन आली. हात धुतले का नाही देव जाणे. मी आपली देवाला एक ठेवू म्हणेपर्यंत परात साफ. एक पण ठेवला नाही मला." त्यांनी सुईत फूल ओवलं. "का गं? काय झालं?"

"काही नाही. मला वाटलं, थोडं उरलं असेल तर."

"खाल्लेलं काय परत येतंय?"

इतक्यात गिरिजा टॉवेलला तोंड पुसत बाहेर आली. दाक्षायणीला बघून तिनं दोन्ही हात कंबरेवर ठेवले.

"काय गं, आज आमच्याकडं हेरगिरी?"

"सहज आले होते. पाच वाजता या, हे सांगायला."

"येते की. पण तुझ्याकडं खायला काही जागा नाही हां पोटात. सुंदरम्मा मावशींनी काहीतरी पाठवलं होतं. लई भारी. आता नुसतं ओळखते आणि जाते." असं म्हणून गिरिजानं एक लांब, तृप्त ढेकर दिला. दाक्षायणीनं तो आदरानं ऐकून घेतला. शेवटी तिच्याच मेहनतीचा होता.

घरी येऊन तिनं टोपली बघितली. कडक भाकरी एकही उरली नव्हती. शेंगदाणे संपले होते. नवीन काही करायला वेळ नव्हता, आणि केलं असतं तरी त्याचा वास घेत गिरिजा गल्लीच्या तोंडापासूनच नाव घेत आली असती. दुकानातून काही आणावं तर नागमणी आता गल्लीत कुठंही असू शकत होती. शेवटी दाक्षायणीनं मोठं पातेलं घेतलं, चकचकीत घासलं, त्यावर झाकण ठेवलं, झाकणावर पांढरा रुमाल बांधला आणि ते पाटाशेजारी नेऊन मांडलं. रिकामं पातेलं तिनं उचललं मात्र दोन्ही हातांनी, ओझं असल्यासारखं.

मुली आल्या. गल्लीतल्या बायकाही हत्ती बघायला म्हणून आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. सुंदरम्मा मावशी चकल्यांची परात घेऊन आल्या, मागून तेलाचे डाग पडलेला परकर सावरत नागमणी. फेर झाला. गाणी झाली. दाक्षायणी गाण्यांत एवढ्या मोठ्यानं ओरडत होती, की मुक्ताकाकू म्हणाल्या, "बघा, जेष्टीमधानं घसा कसा मोकळा झाला."

मग सगळ्या गोल बसल्या. गिरिजा मधोमध. तिनं डोळे मिटले, नाक वर केलं.

"चकली," नागमणीनं तिच्या कानात सांगितलं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "चकलीच. मी सोता पाडल्यात."

"चकली," गिरिजा म्हणाली.

"नाही."

"नाही कसं?" नागमणी उठलीच. "परातभर हायेत की समोर."

"आहेत ना. मावशींनी हौसेनं आणल्यात, तू हौसेनं पाडल्यास. खाऊन जा. पण खिरापत ती नाही."

नागमणी आपल्या भाजलेल्या बोटाकडं बघत खाली बसली. गिरिजानं डोळे उघडले. तिनं दारातल्या करवंट्यांकडं पाहिलं, मग दाक्षायणीकडं, मग पुन्हा करवंट्यांकडं.

"खोबऱ्याची वडी."

"नाही."

आता घोळक्यात कुजबुज सुरू झाली. दोन अंदाज चुकल्याचं ह्या वर्षी कुणी बघितलं नव्हतं. गिरिजा पुढं सरकून बसली.

"गोड की तिखट?"

"गोड."

"हातानं खायचं की चमच्यानं?"

"हातानं."

"हं." गिरिजानं पातेल्याजवळ नाक नेऊन एक लांब श्वास घेतला. रुमालाला साबणाचा वास होता आणि त्याच्या खाली कशाचाच नव्हता. "आज दुपारी मी एक खाल्लं. तसलं काहीतरी असंल का?"

दाक्षायणीनं पातेल्यावरचा रुमाल उगाच सरळ केला. झालं. अकलूज गेलं. नागमणीला खिडकीजवळची जागा मिळणार.

गिरिजानं तिच्याकडं नीट बघितलं आणि मान हलवली. "छे. ते तुझ्या हातनं व्हायचं नाही. त्याला सुगरण लागती." मग तिचा चेहरा एकदम खुलला. "सापडलं. वास नाही, म्हणजे घरात केलंच नाही. बाहेरनं आलंय. हिच्या मावशीला बाळ झालंय, अव्वा तिकडंच हाय. पेढे. अक्कलकोटचे."

मुलींनी टाळ्या वाजवायला हात वर केले. एवढं बिनचूक गणित गुरुजींनाही जमलं नसतं.

"नाही," दाक्षायणी म्हणाली.

"नाही?"

"नाही. तीन झाले."

नागमणी पुढं झाली आणि तिनं रुमालाची गाठ सोडली. "दाखव आधी. बघू दे काय हाय ते." झाकण निघालं. पातेलं इतकं स्वच्छ होतं, की वाकून बघणाऱ्या सगळ्याजणींना त्यात आपापलं तोंड दिसलं.

"रिकामं हाय," नागमणी म्हणाली. "हरली. रिकामं चालणार नाही, असं ठरलं होतं."

"ठरलं होतं," गिरिजानं हळूच दुजोरा दिला. तिला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं. "खिरापतच नाही तर ओळखायचं काय? दाक्षायणी, ही हूल नाही गं. ही लबाडी झाली."

"खिरापत होती," दाक्षायणी म्हणाली. "पहाटे उठून केली. कडक भाकरीचे लाडू, गुळातले. पण ती तुला आधीच पोचली. दुपारीच."

"मला? कधी?"

"गोड होती. हातानं खायची होती. वेलदोडा नव्हता, म्हणून वास आला नाही. बाकी चव तुला माहीत आहे."

गिरिजाचं तोंड उघडं राहिलं. पार्वतम्मा मावशींनी भिंतीजवळून मान पुढं काढली. "म्हणजे परातीतले ते?"

"ते तर मी पाठवले," सुंदरम्मा म्हणाल्या. "आणि मला मुक्तानं दिले."

"आन् मला हिच्या अप्पांनी," मुक्ताकाकू म्हणाल्या. "सवताच्या हातानं आणून दिले, भर दुपारी. म्या म्हटलं, शिवशरणअप्पा कसे काय आज डबा घेऊन."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि हसू असं फुटलं, की भिंतीवरच्या हाराचा धागा हलला. मुलींनी तर गिरिजाचं पोट मोजायलाच सुरुवात केली. एक म्हणाली, "कॅप्टन, झाकण उघडा की. खिरापत दिसली पाहिजे." नागमणीलासुद्धा हसू आवरलं नाही, आणि आवरलं नाही म्हणून तिला आणखी राग आला.

गिरिजा मात्र हसत नव्हती. ती दाक्षायणीकडं अशा नजरेनं बघत होती, जशी आजवर फक्त जिल्ह्याच्या पंचांकडं बघितली असेल.

"म्हणजे तू आधी अप्पांना पाठवलंस. मग काकूंचा उपास. मग मावशींच्या घरचा आजार. सगळं धरून?" ती बोटं मोजत होती. "तीन हातांतून फिरवून माझ्या परातीत? आणि पाच वाजता या म्हणून सांगायला आलीस, ते मी खाल्लं का नाही बघायला?"

दाक्षायणीनं तोंड उघडलं. खरं बोलायची तिची जुनी सवय होती. 'नाही गं, अप्पांनी चुकून' हे शब्द जिभेपर्यंत आलेही होते. पण जिभेपलीकडं अकलूज होतं. तिनं तोंड मिटलं आणि नुसते खांदे उडवले.

"नागमणी," गिरिजा म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू तुझं. असली पोरगी मी दुसऱ्या संघाला द्यायची नाही."

तेवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला. शिवशरणअप्पा दुकान गुमास्त्यावर सोडून, खास लेकीचा पहिला हादगा बघायला आले होते. बस्ता चांगला झाल्यामुळं खुशीत होते. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी सगळ्यांना हात जोडले.

"जमल्या का सगळ्या? बसा, बसा. अहो मुक्तावैनी, तो दुपारचा डबा बरोबर होता न्हवं? कारण पोरगी दुकानात आली ती अशी रडवेली, मला वाटलं माझ्या हातनं काहीतरी—"

गिरिजानं मान वळवून अप्पांकडं पाहिलं. नागमणीनं तर कान टवकारले.

"अप्पा," दाक्षायणी शांतपणे म्हणाली, "हलू नका. तुमच्या सदऱ्यावर पाल आहे."

अप्पांना जगात फक्त दोन गोष्टींची भीती होती, आणि दुसरी अक्कलकोटला गेली होती. त्यांनी जागच्या जागी अशी उडी मारली, की टोपी पातेल्यात पडली. मुली किंचाळत उठल्या, चकल्या उडाल्या, मुक्ताकाकू सूप समजून परात हातात घेऊन उभ्या राहिल्या, आणि कॅप्टन गिरिजा एका झेपेत पाटावर, थेट हत्तीच्या पाठीवर चढली.

"कुठं गेली?" तिनं वरूनच विचारलं.

"ती बघ, डावीकडं," दाक्षायणी म्हणाली.

सगळ्यांनी डावीकडं पाहिलं. दाक्षायणी अप्पांचा हात धरून उजवीकडून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं आतून कडी लावली.